उतरत्या अंगाचं माप

वाळूच्या टेकड्यांवर बाइक चालवायचं खूळ दादाच्या डोक्यात ऑफिसच्या एका सहलीत शिरलं. खराडीतली त्याची टीम राजस्थानात गेली होती. तिथे पर्यटकांसाठी चार जाड टायरांच्या बाइक असतात, क्वाड म्हणतात त्यांना. पर्यटकाला पुढे बसवायचं, हँडल त्याच्या हातात द्यायचं, आणि मागे बसलेल्या माणसाने हात लांबवून रेस मात्र आपल्या अंगठ्याखाली ठेवायची, अशी तिथली पद्धत. दादा परत आला तो धुमसतच. आईला फोटो दाखवले आणि म्हणाला, "यात मी चालवतोय असं वाटतं ना? खोटं आहे. रेस त्याच्याकडे होती. मी नुसता गोणीसारखा पुढे बसलो होतो."

"पडला नाहीस ना? मग झालं तर," आई म्हणाली.

"तोच तर वैताग आहे."

आम्ही तिघं वाघोलीत राहायचो, आई, दादा आणि मी. आम्हा दोघा बहीणभावांची लग्नं का झाली नाहीत हे विचारायला नातेवाईक अधूनमधून येत आणि चहा पिऊन जात. दादा सॉफ्टवेअरमध्ये, मी गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एका कंपनीत. बाबा टूलरूममध्ये होते, ते फार लवकर गेले. मागे बारीक मापं घ्यायचा एक व्हर्नियर ठेवून गेले आणि एक वाक्य: "बसतंय म्हणजे बसलेलं नाही." एखादा भाग ठोकून, घासून, कसाबसा बसवला की ते असं म्हणायचे आणि परत काढायला लावायचे. आम्ही दोघांनी हे वाक्य इतकं मनावर घेतलं होतं की घरात साधी खुंटी ठोकायची तरी भांडण व्हायचं.

मुळशीकडचं एक रिसॉर्ट बंद पडलं होतं. तिथून आम्ही एक क्वाड आणली. इंजिन गेलेलं, मडगार्ड तडकलेलं, सीटखाली उंदराचं बिऱ्हाड. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती खोलून ठेवली तर आठवडाभरात खांबावर पाटी लागली: "येथे वाहने लावावीत. बनवू नयेत." दादाला ती पाटी इतकी आवडली की त्याने तिचा फोटो काढून ठेवला. मग आम्ही गावाच्या बाजूला, ग्रिल बनवणाऱ्या एका वर्कशॉपला लागून पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि अपघातात चेपलेल्या एका मोठ्या मोटारसायकलचं इंजिन त्या सांगाड्यात बसवायला घेतलं. मूळ इंजिनापेक्षा ते कितीतरी दांडगं होतं. बसवायला फ्रेमचा अर्धा भाग कापावा लागला.

वाळूचं सगळंच निराळं असतं. मागच्या टायरांना वल्ह्यासारख्या उंच पट्ट्या लागतात, वाळू मागे फेकायला. चढावर गाडी पुढून उचलून उलटी पडू नये म्हणून मागची चाकं आणखी मागे न्यावी लागतात. हवेच्या फिल्टरवर कापडाची टोपी लागते, नाहीतर इंजिन वाळू गिळतं. ती टोपी आईने शिवली. तिने आमच्या लहानपणी अर्ध्या वस्तीचे गणवेश शिवले होते, तेव्हा तिला फिल्टर म्हणजे काय हे न कळताही टोपी पहिल्या फटक्यात बसली. आणि वाळूतला सगळ्यात मोठा नियम दादा मला रोज ऐकवायचा: चढाला लागल्यावर रेस सोडायची नाही. भीती वाटली तरी नाही. सोडली की मागची चाकं जागच्या जागी खड्डा खणतात आणि गाडी पोटावर बसते.

रेडिएटरच्या पंख्यासाठी रिले आणि फ्यूज घ्यायला आम्ही बुधवार पेठेत गेलो होतो. दुकानदारांनी यादी ऐकली आणि चष्म्यावरून पाहिलं. "एवढा करंट कशाला लागतो? घरात रणगाडा आहे का?"

"होतोय," दादा म्हणाला.

ते हसले नाहीत. फ्यूज मोजून काचेवर ठेवले. दादा ते उचलायला गेला आणि त्याला उचलता येईनात. अंगठा आणि बोट जवळ यायची, फ्यूज मधून निसटायचा. पहिल्यांदा मला वाटलं गंमत करतोय. मग त्याने हात खिशात घातला आणि रस्त्याकडे बघत राहिला. दुकानदारांनी सगळे फ्यूज सरकवत काचेच्या कडेला आणले आणि माझ्या तळव्यात पाडले. येताना गाडीत दादा म्हणाला, "डब्याचं झाकणही उघडत नाहीये गं, बरेच दिवस."

तपासण्या झाल्या. स्नायू चालवणाऱ्या नसा मरत जाण्याचा आजार निघाला. हातांपासून सुरू झालाय, पुढे पाय, बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषध नाही. किती वेळ, हेही सांगता येत नाही. दादाने त्यांना एकच विचारलं, "म्हणजे आजच्यापेक्षा बरा दिवस आता येणार नाही, असंच ना?" डॉक्टर म्हणाले, तसंच समजा.

मला वाटलं होतं, आता क्वाडवर ताडपत्री पडणार. तर हा दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये हजर. म्हणाला, "आता उगाच फाफटपसारा नको. सीट लांब कर, तू माझ्या मागे बस. हँडल तू धर, माझ्या काखेखालून. ब्रेक तुझे, गियर तुझे. पण रेस माझी. राजस्थानात वाळूची टेकडी मी चढवणार. मला कुणी चढवून आणणार नाही." आईने हे ऐकलं आणि नेहमीसारखं म्हणाली, "होईल रे बरं सगळं." त्या दिवसांत तिचं हे पालुपदच झालं होतं. डॉक्टरांची फाइल ती उघडायचीच नाही.

मग मी मापं घ्यायला लागले. माझं कामच ते. भंगारवाल्याकडे असतो तसा आकड्याचा काटा आणला आणि दादाचा अंगठा किती जोर लावतो ते मोजलं. त्या जोराला बरोबर बसेल असा रेसचा खटका बनवला, स्प्रिंग बदलून, केबलला नवं आवरण घालून, एखाद्या घड्याळासारखा. तो बसवायच्या दिवशी दादाचा अंगठा तेवढाही जोर लावेना. मी चिडले, पण कुणावर चिडायचं तेच कळेना. मग ठरवलं, अंगठा नको, तळहात. तळहाताचा ठसा घेतला, त्याच्यावरून मूठ घडवली, हाताच्या प्रत्येक रेषेत बसणारी. दादाही कमी नव्हता. "इथे जरा ढिलं आहे, घास अजून," असं सांगून त्याने ती माझ्याकडून चार वेळा घासून घेतली. बसतंय म्हणजे बसलेलं नाही. त्या घासण्यात दसरा जवळ आला.

दसऱ्याला सकाळी इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं ठरलं. आमच्याकडे दसऱ्याला गाड्यांची पूजा नसते. आई पांढरी साडी नेसून विहारात जाते. त्या दिवशी ती जाता जाता शेडमध्ये थांबली होती. शेजारचे ग्रिलवाले झेंडूचा हार घेऊन आले. "आमच्यात नसतं हो हे," आई म्हणाली.

"असू द्या ओ मावशी, वाहन हाय ना शेवटी," ते म्हणाले आणि हार तिच्या हातात ठेवून गेले.

आई हार घेऊन तशीच उभी. दादा म्हणाला, "घाल गं हँडलला. सायलेन्सरला नको, जळका वास येईल." तिने घातला, आणि तेवढ्यात साडीला ग्रीस लागलं.

मी बटण दाबलं. दोनदा खोकून इंजिन सुरू झालं आणि शेडचे पत्रे थरथरायला लागले. दादाचा चेहरा असा उजळला की मीच वेड्यासारखी हसायला लागले. त्याने तळहात मुठीत ठेवला. हात मुठीत अगदी चपखल बसला. त्याने दाबलं. आवाज बदलला नाही. त्याने खांदा पुढे घालून परत दाबलं. इंजिन आपलं शांतपणे गुरगुरत राहिलं.

"केबल अडकली असेल," मी म्हणाले.

"केबल नाही अडकलेली," दादा म्हणाला.

मी इंजिन बंद केलं. काहीतरी करायला हवं म्हणून आकड्याचा काटा उचलला आणि म्हणाले, "परत माप घेते."

"अजून किती वेळा माप घेणार आहेस गं त्याचं?" आई एकदम ओरडली. ती कधी ओरडत नाही. "तुम्ही दोघं आजच्या मापाचं करता आणि करेपर्यंत तो आज जातो. मी ह्याची शाळेची पँट कधी मापाची शिवली का? वाढत्या अंगाची शिवायचे. खाली भली मोठी दुमड घालायचे आणि दर जूनला उसवायचे. आता ह्याचं अंग उतरतंय. दिसत नाही का तुम्हाला? मग उतरत्या अंगाचं करा ना!"

एवढं बोलून ती तोंडावर पदर धरून सिमेंटच्या गोणीवर बसली. मला तिचा भयंकर राग आला. इतके दिवस बरं होईल, बरं होईल म्हणत होती ती हीच बाई, आणि आज त्याच्यासमोर असं बोलते? मला ते सगळं आतून माहीत होतं, रोज मोजत होते मी. पण घरात तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. दादाच्या त्या पँटी मला चांगल्या आठवत होत्या. उसवली की आतली पट्टी गडद निळी निघायची, वरची पँट धुऊन धुऊन पांढुरकी झालेली. दहावीपर्यंत त्याच्या घोट्याशी तीन निळे रंग असायचे. मुलं हसायची त्याला.

दादाच शेवटी बोलला. "बरोबर बोलतेय आई. सगळ्यात वाईट हात कसा असेल ते आधी धर. मग तिथून मागे ये."

जो हात अजून आलेला नाही त्याचं माप कसं घ्यायचं, हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. दादानेच सांगितलं, समोर बसून, ऑफिसात क्लायंटची गरज समजून घेतात तसं. तळहात गेला की मनगट दाबेल. मनगट गेलं की कोपर. कोपर गेलं की दंड खांद्यातून ढकलायचा. त्यानंतर काय, हे विचारायची माझी छाती होईना. तो म्हणाला, "त्यानंतर हात तू उचलून दांड्यावर ठेवशील. नुसत्या वजनाने रेस घेतली पाहिजे. तेही चालेल मला. वजन तरी माझंच असेल."

त्याप्रमाणे मी एक लांब दांडा बनवला आणि त्यात केबल अडकवायला ओळीने पाच भोकं पाडली. तत्त्व सोपं आहे: केबल जितकी दांड्याच्या बिजागरीजवळ, तितका दाब कमी लागतो. हात उतरला की बोल्ट काढायचा, पुढच्या भोकात घालायचा. पहिलं भोक त्या दिवसाच्या तळहाताचं. पाचवं उचलून ठेवलेल्या हाताचं. ते पाचवं पाडताना मी रडले. ड्रिलच्या आवाजात रडायची चांगली सोय असते. दादा शेजारी स्टुलावर बसून होता, आणि त्याला कळलं होतं, कारण ड्रिल थांबल्यावर म्हणाला, "भोकाच्या कडेला धार राहिलीय, कानशीने काढ." मी कानस मारली.

इतक्या हलक्या रेसला एक धोका होता. हात वेळेवर उचलता आला नाही तर गाडी सुटणार. म्हणून इंजिन बंद करणाऱ्या खटक्याला दोरी बांधली आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला. ओढली की सगळं बंद. दादाने ती दोरी बघून नाक मुरडलं. "ओढलीस तर बघ."

पुण्यात वाळूच्या टेकड्या कुठून आणणार? पण वाघोलीत इमारती उठतच असतात, आणि त्यांच्या मागे खडी दळून केलेल्या वाळूचे ढीग असतात, दोनदोन मजले उंच. एका साइटच्या सुपरवायझरना विचारलं. त्यांनी आधी मला पाहिलं, मग गाडीत पट्ट्याने बांधून बसवलेल्या दादाला.

"मॅडम, ही वाळू न्हाय, चुरा हाय. रुतलं तर जेसीबी लागंल काढायला."

"तुमच्याकडे आहे की जेसीबी," मी म्हणाले.

त्यांनी ढिगाकडे एक नजर टाकली. मग म्हणाले, "रविवारी या. काम बंद असतंय. आन हेल्मेट घाला दोघांनीबी."

डिसेंबरातला रविवार होता, ऊन कोवळं. बोल्ट तोपर्यंत दुसऱ्या भोकात गेला होता. दादाचं बोलणंही जड व्हायला लागलं होतं, शब्द ओले झाल्यासारखे यायचे. आई छत्री घेऊन बाजूला उभी. पहिल्या खेपेला आम्ही ढिगाच्या अर्ध्यावर गेलो, गाडी पुढून उचलल्यासारखी झाली आणि मी किंचाळले, "सोड! सोड!" त्याने सोडली. मागची चाकं खड्डा खणत बसली. सुपरवायझर आणि मी फावड्याने खणून गाडी काढली, आणि तेवढा वेळ दादा सीटवर बसून माझ्याकडे बघत होता.

"घाबरलीस तर डोळे मीट," तो सावकाश म्हणाला. "पण सोड म्हणू नकोस."

"हँडल माझ्याकडे आहे. डोळे मिटून कुठे नेऊ तुला?"

"वर."

दुसऱ्या खेपेला मी दात आवळून बसले. मनगटावरची दोरी ढिली ठेवली. त्याचं मनगट दांड्यावर दाबलं जाताना मला माझ्या हाताला लागून जाणवत होतं. इंजिनाचा आवाज चढत गेला, मागून चुऱ्याचा फवारा उडाला, आणि मधे एक क्षण असा आला की गाडी थांबणार असं मला वाटलं. मी काही बोलले नाही. त्याने सोडली नाही. मग एकदम समोरचा ढीग संपला आणि नुसतं आकाश आलं, आणि आम्ही माथ्यावर होतो.

वरून नगर रस्त्यावरची वाहनांची रांग दिसत होती, अर्धवट इमारती, आणि खाली आई. तिने छत्री मिटून घेतली होती आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. दादा हसायला लागला. त्या आजारात हसू सुरू झालं की आवरत नाही, तसं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचे हात वर येत नव्हते. मी हेल्मेटच्या फटीतून बोट घालून पुसलं. "परत," तो म्हणाला. त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत तेच करत होतो. शेवटी शेवटी तर मला मजाही यायला लागली होती. सुपरवायझरनी जाताना दादाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "लई भारी, साहेब."

फेब्रुवारीत राजस्थानला जायचं पक्कं केलं. क्वाड न्यायला टेम्पो ठरला. दादाच्या मानेला आधार म्हणून मी सीटला उंच पाठ लावली. जानेवारीच्या सुरुवातीला बोल्ट तिसऱ्या भोकात गेला. मी शेडमध्ये नुसतं इंजिन चालू करून बघितलं, त्याने कोपराने दाबलं, आवाज लगेच चढला. दादाने मान हलवली. बसलं.

त्यानंतरच्या आठवड्यात त्याला सर्दी झाली. साधी सर्दी, आम्हा सगळ्यांनाच झाली होती. पण त्याला खोकून कफ काढता येईना. सर्दी छातीत गेली, दवाखान्यात नेलं, तिथे श्वास कमी कमी होत गेला. शेवटच्या सकाळी मी त्याचा हात उचलून माझ्या तळहातावर ठेवला. किती हलका असेल याचा मी हिशेब केला होता, दांड्यासाठी. त्यापेक्षा तो जड होता, निदान मला तरी वाटला. दुपारी दादा गेला. मला वाटत होतं अजून वेळ आहे. सगळ्यांनाच वाटत होतं. त्याला स्वतःलाही.

पावसाळ्यानंतर आईच म्हणाली, "ती गाडी विकून टाक. वाळूवर जाऊ दे तिला तरी." गेल्या महिन्यात एक गृहस्थ बघायला आले. जैसलमेरकडे मित्रांबरोबर दरवर्षी जातात म्हणे. भले वाटले. त्यांनी टायर पाहिले, मागे सरकवलेली चाकं पाहिली, फिल्टरवरच्या टोपीचं कौतुक केलं. आई स्टुलावर बसून होती. मग ते सीटवर बसले, इंजिन सुरू केलं आणि दांड्यावर हात ठेवताच इंजिन असं किंचाळलं की ते घाबरून उतरलेच.

"बापरे! फुंकर मारली तरी रेस घेतंय हे."

"नेहमीचा खटका बसवून देईन मी," मी म्हणाले. "हा दांडा आमच्याकडेच राहील."

त्यांनी वाकून दांडा बघितला. कुतूहल होतं त्यांना, दुसरं काही नाही. "चांगली युक्ती आहे. केबल पुढे सरकवत न्यायची, हो ना? ही तीन वापरलेली दिसतात." पहिल्या तीन भोकांच्या कडा बोल्टने घासून चकचकीत झाल्या होत्या. "आणि पुढची ही दोन कशासाठी?"

मी सांगणारच होते. दंड आणि वजन, एवढे दोनच शब्द होते. ते माझ्या तोंडून निघेनात. मी फडकं घेऊन कुठलं तरी तेल पुसायला लागले.

आई उठून जवळ आली. चौथ्या भोकावर तिने बोट ठेवलं, मग पाचव्यावर. कानस मारलेली कड अजून खरखरीत होती.

"ती उसवायची राहिली," ती म्हणाली.